धुतलेली पिल्लं

कोंबडीचा पाय पाहून तिची जात सांगणारा माणूस खेड्यात आला की चार लोक त्याच्याभोवती गोळा होतात. तो माणूस मी होतो, आणि मला ते आवडायचं. मी कोंबडी उलटी धरायचो, पायाच्या नळीवरून अंगठा फिरवायचो, तुरा एकेरी आहे की वाटाण्यासारखा बसका ते पाहायचो, चोच उघडून जीभ बघायचो आणि निकाल द्यायचो. कडकनाथ म्हणून कुणी मोठ्या हौसेनं आणलेल्या कोंबडीची जीभ काळी नसून लाल निघाली की मालकाचा चेहरा उतरायचा. खरं सांगायचं तर तो उतरलेला चेहरा पाहायलाच मी वाकून तिची चोच उघडत असे.

मी जनावरांच्या दवाखान्यात नोकरीला आहे. लस टोचणं, जखमा बांधणं, बैलाच्या नाकात नळी घालायला मदत करणं आणि बाकी सगळा वेळ माहिती भरणं, हे माझं काम. डॉक्टर वेगळे असतात, ते तालुक्याला बसतात. खेड्यात लोक मलाच डाक्टर साहेब म्हणतात आणि मी ते इतकी वर्षं म्हणू दिलं आहे.

अकोल्याला आम्ही राहतो त्या कॉलनीत रविवारी एक जण गावरान अंडी विकायला येतो. पांढरी अंडी तो चहाच्या पाण्यात बुडवून आणतो. ओल्या बोटानं चोळलं तर रंग बोटाला लागतो. आमच्या कॉलनीतले निवृत्त प्राध्यापक, बँकेतले साहेब, सगळे तिथे पिशवी घेऊन उभे असतात, एकेक अंडं उन्हाकडे धरून पाहतात आणि समाधानानं मान हलवतात. उन्हाकडे धरल्यावर त्यांना काय दिसतं ते त्यांनाच ठाऊक. शेतावर हौसेनं कोंबड्या पाळणारे आमचे काही स्नेही तर त्याहून वरचे. मोबाइलवर दोन चित्रफिती पाहिल्या की ते शुद्ध रक्ताबद्दल बोलायला लागतात. महिन्याभरात त्यांच्या शुद्ध रक्ताच्या कोंबड्या मुंगूस खाऊन जातं आणि ते गड्याला शिव्या देतात.

या लोकांना मी वर्षानुवर्षं मनात हसत आलो. आता हसू येत नाही, कारण त्यांच्यातल्या कुणीही केलं नसेल असं एक काम मी केलं आहे. ते कुणाला सांगितलं नव्हतं.

काही वर्षांपूर्वी आमच्याकडे एक योजना आली. खेड्यातल्या बायकांना गिरिराज या सुधारित जातीची एक दिवसाची पिल्लं द्यायची. पंधराव्या दिवशी जाऊन पाहायचं. जिच्याकडे अर्ध्याहून जास्त पिल्लं जिवंत असतील तिला जाळीचं पक्कं खुराडं मिळायचं. मूर्तिजापूरच्या पलीकडे, खारपाणपट्ट्यातल्या एका गावाची जबाबदारी माझ्यावर होती. वाटपाच्या आधी प्रशिक्षण द्यायचं म्हणून मी तिथल्या समाजमंदिरात बायकांना बसवलं आणि तासभर बोललो. कोणत्या शिकाऱ्याचं काम कसं ओळखायचं ते सांगितलं. धड तसंच पडलेलं आणि मान-डोकं खाल्लेलं असेल तर मुंगूस. अंगणभर पिसं आणि फाडलेली कोंबडी असेल तर कुत्रं. काहीच मागे नसेल तर मांजर किंवा घार. मी हे फळ्यावर लिहिलं. ज्या बायकांनी जन्मभर अंगणात कोंबड्या पाळल्या त्यांना मी हे फळ्यावर लिहून दाखवत होतो, आणि त्या निमूट ऐकत होत्या, हे त्यांचं मोठेपण.

मागे बसलेल्या एका बाईनं विचारलं, "घारीले काय करायचं, डाक्टर साहेब?"

"वरून जाळी टाकायची," मी म्हणालो.

"जाळी तं पिल्लं जगल्यावर भेटणार म्हनता. अन् पिल्लं जगाले जाळी लागते म्हनता."

बायका तोंडाला पदर लावून हसल्या. शेजारची तिला म्हणाली, "तू गप बस वं. तुह्यं नाव कटन." मीही हसलो, पण मला ते लागलं. नियम मी केला नव्हता. तो किती मूर्खपणाचा आहे हे मला त्या क्षणापर्यंत सुचलं नव्हतं, आणि सुचवलं ते कापूस वेचणाऱ्या एका बाईनं. त्यासाठी मी तिच्या नावापुढे मनात खूण करून ठेवली.

ती पन्नाशीच्या आसपासची. लोकांच्या वावरात वेचणीला जायची. त्या वर्षी तिची कंबर धरली होती. उठताना ती हात गुडघ्यावर टेकवून उठायची. यादीत नाव लिहिताना ती मला म्हणाली होती, "मले हे खुराडं पाह्यजेच साहेब. आता वाकणं होत नाई. दहा कोंबड्या आंगणात फिरल्या तं मले कोनाच्या वावरात जा लागणार नाई." हे तिनं विनवणीच्या सुरात सांगितलं नव्हतं. जे आहे ते सांगितलं होतं.

पिल्लं पौषात आली, ऐन थंडीत. पुरवठादाराची गाडी उभी, ड्रायव्हर घाई करतोय. मी वरचं एक खोकं उघडून पाहिलं. करडी, तांबूस, पाठीवर पट्टे असलेली, अशी मिश्र रंगांची पिल्लं होती. गिरिराजची असतात तशीच. खालची खोकी मी उघडली नाहीत. सही केली. प्रत्येकीला वीस पिल्लं देऊन मी निघालो.

पंधराव्या दिवशी मी मोबाइल घेऊन गावात गेलो. पिल्लांचा फोटो काढून, जात निवडून, तिथूनच पाठवायचा होता. पहिल्या घरात तीन पिल्लं उरली होती, दुसऱ्या घरात एकही नाही. तिसऱ्या घरातल्या बाईनं मला आभाळाकडे बोट दाखवलं. वर दोन घारी सावकाश फिरत होत्या. "पायलं? याच त्या. सकाळी हजेरी लावतात, तुमच्यासारख्या," ती म्हणाली. यंत्रात उबवलेल्या पिल्लाला घार म्हणजे काय ते माहीत नसतं. सावली अंगावरून गेली तरी ते दाणे टिपत राहतं. त्याला पळ म्हणून सांगायला आई नसते. हे मला पुस्तकातून माहीत होतं. फळ्यावर मात्र मी ते लिहिलं नव्हतं, कारण आम्हाला छापून आलेल्या कागदावर ते नव्हतं.

कंबर धरलेल्या त्या बाईच्या अंगणात गेलो तर गुलाबी पिल्लं फिरत होती. रंगपंचमीच्या पुडीतला गुलाबी. वीसच्या वीस. मधोमध एक तांबडी गावरान कोंबडी पायानं माती उकरत होती आणि पिल्लं तिच्या पायात घुटमळत होती.

मी हसलो. "हे काय केलं बाई? होळी का?"

"घारीसाठी," ती म्हणाली. "घारीले समजत नाई हे काय हाय थे. आमच्या मायकडं सगळे असाच रंग लावतात." तिनं मला सांगितलं की पिल्लं आली त्याच संध्याकाळी रंग लावून तिनं ती खुडूक बसलेल्या कोंबडीखाली सरकवली होती. कोंबडीनं ती आपली मानली. "आता थेच पायते त्यायले. मले काई करा लागत नाई."

बाजेवर तिची म्हातारी सासू ऊन खात बसली होती. ती म्हणाली, "परवा घार आली तं कोंबडीनं असा आवाज काढला, सगळे पोट्टे पोटाखाली. घार नुसती पाहून गेली."

आता विचार केला तर इतकंच दिसतं, की योजना काढणाऱ्यांनी, छापणाऱ्यांनी आणि फळ्यावर लिहिणाऱ्यानं मिळून जे केलं नाही ते एका बाईनं पुडीभर रंगात आणि एका खुडूक कोंबडीत केलं होतं. तिथे उभं राहून मला हे दिसायला हवं होतं. मला दिसलं ते एवढंच, की पिल्लांची जात ओळखू येत नाही. मी फोटो काढून वरच्या साहेबांना पाठवला.

पाच मिनिटांत फोन आला. "हे काय पाठवलं? जात कोणती भरणार, गुलाबी?"

मी म्हणालो, "सर, घारीसाठी रंग लावलाय. पिल्लं सगळी जिवंत आहेत."

"ते मला नको सांगू. जात दिसली पाहिजे. धुऊन घे आणि परत काढ. आज शेवटचा दिवस आहे."

साहेबांनी हे सहज सांगितलं. त्यांच्यावर दोष ढकलायची सोय आहे आणि मी ती बरीच वर्षं वापरली. पण साहेब अकोल्यात खुर्चीवर होते आणि वारा माझ्या कानाला लागत होता. मी स्वेटर घालून, मफलर गुंडाळून उभा होतो.

मी तिला सांगितलं, पिल्लं धुवावी लागतील.

तिनं पदर कानावर ओढला. मग म्हणाली, "थंडी हाय साहेब. आठ दिसात रंग आपसूक जाते. मंग काढा न फोटू."

"आजच पाहिजे."

"दुपारी तरी धुवा. जराशी ऊन येऊ द्या."

मला लसीकरणासाठी अजून चार गावं करायची होती. मी म्हणालो, "बाई, मला काही नाही. नाही धुतली तर तुमचं नाव कटते. खुराडं जाईल."

तिला ते खुराडं किती हवं होतं हे मला माहीत होतं, म्हणूनच ते वाक्य माझ्या तोंडात आलं. समाजमंदिरात ती सर्वांसमोर बोलली होती, त्याची थोडी परतफेडही त्यात होती. हे मी स्वतःशी कबूल करायला बराच काळ लावला.

तिनं चुलीवर पाणी ठेवलं. त्या गावचं पाणी खारट, त्यात साबणाला फेस येत नाही. पहिलं पिल्लू तसंच चिकट राहिलं, रंग नुसता पसरला. मग मीच म्हणालो की गोडं पाणी घ्या. नळाचं गोडं पाणी त्या गावात आठवड्यातून एकदा येतं. तिनं पिण्याच्या माठातलं काढून तापवलं. कोंबडी टोपल्याखाली झाकली होती, ती आतून सारखी ओरडत होती. मी एकेक पिल्लू धरून देत होतो, ती शाम्पूची पुडी फोडून बोटांनी चोळत होती. तिचे हात हलके होते. भिजल्यावर पिल्लू किती लहान असतं ते दिसतं; मुठीत काही आहे असं वाटत नाही.

सासू बाजेवरून म्हणाली, "लेकराची आंघोळबी मायच्या मांडीवर होते. अन् याईची माय टोपल्याखाली."

मी पुढचं पिल्लू धरून दिलं.

धुतलेली पिल्लं फडक्यावर उन्हात ठेवली. अंग जरा सुकलं तसा त्यांचा खरा रंग दिसला. सगळी एकसारखी फिकट पिवळी. पट्टा नाही, ठिपका नाही, करडं नाही, तांबूस नाही. अंगणात कुणालाही काही कळण्याआधी मला कळलं. ही गिरिराज नव्हती. अंडी देणाऱ्या कोंबड्यांच्या हॅचरीत मादी पिल्लं वेगळी काढल्यावर जे नर उरतात, ज्यांचं काय करायचं असा हॅचरीवाल्यांना प्रश्न असतो, ती ही पिल्लं होती. वीसच्या वीस कोंबडे. अंड्याची आस धरून बसलेल्या बाईच्या पदरात आम्ही कोंबडे घातले होते आणि त्यावर माझी सही होती.

मी फोटो काढला. मोबाइलमध्ये जातीची यादी उघडली आणि गिरिराज निवडलं.

"कोनती जात निंगाली?" तिनं विचारलं.

"चांगली आहे," मी म्हणालो.

टोपलं उचलल्याबरोबर कोंबडी धावत आली, पिल्लांपाशी थबकली आणि एकाच्या डोक्यावर टोच मारली. ते कलंडलं. तिनं दुसऱ्याला टोच मारली. मी गाडीला किक मारत होतो. "गावरानची अक्कल पाहा," असं काहीतरी म्हणून मी हसलोही. तिनं पिल्लं भराभर ओच्यात गोळा केली. मी निघालो.

फोटो मंजूर झाला. तिला खुराडं मिळालं. ते पोचवायला मी गेलो नाही, दुसऱ्याला पाठवलं. तो परत येऊन म्हणाला, "साहेब, त्यात ठेवायचं ते तं काहीच नाई तिथं. एक कोंबडी हाय फक्त. बाईनं खुराडं उतरवून घेतलं अन् त्यात जळणाच्या पऱ्हाट्या भरल्या."

पिल्लं मेली असणार हे समजायला मला एवढं पुरे होतं. पण माझ्या मनाला जे टोचत राहिलं ते वेगळं होतं. मला टोचत राहिलं ते खोटं. तिनं जात विचारली आणि मी चांगली आहे म्हणालो, ते. त्या खोट्याला मी फार मोठं करून ठेवलं. रात्री-अपरात्री बायकोला सांगावंसं वाटायचं आणि मी सांगायचो नाही. पुरवठादाराबद्दल वर लिहावं असं ठरवायचो, मसुदाही केला, आणि तो कपाटात ठेवला. भित्रा माणूस पश्चात्तापही कसा टापटिपीनं करतो. मला वाटायचं, कधीतरी जाऊन तिला खरं सांगितलं की मी मोकळा होईन. ती रागावेल, मी खाली मान घालून ऐकेन, असं सगळं दृश्य मी तयार करून ठेवलं होतं.

दोन वर्षांनी, लसीकरणाच्या निमित्तानं, मी त्या गावात गेलो आणि तिच्या अंगणात गाडी लावली. सासू बाजेवर नव्हती, ती गेल्या पावसाळ्यात वारली असं कळलं. बाई वेचणीला जाण्याच्या तयारीत होती. कंबरेला फडकं आवळून बांधलेलं. तिनं मला ओळखलं, बसायला खाट दिली आणि चहा ठेवला.

मी तिला सांगितलं. पिल्लं गिरिराज नव्हती, कोंबडे होते, मला त्याच दिवशी कळलं होतं, मी खोटं बोललो.

ती चहा गाळत होती. "मले माईत व्हतं," ती म्हणाली.

"काय माहीत होतं?"

"का थे कोंबडे हायेत म्हनून. आठव्या-धाव्या दिशीच समजते. पाय जाड, उभं राहणं वेगळं. तुमी काय सांगता मले." तिनं कप माझ्यापुढे ठेवला. "मी तं ठरवूनच व्हती. कोंबडे मोठे करायचे. आखाडीले कोंबड्याले लोक दारात येतात. बाजूच्या गावात माही बहीण हाय, तिच्याकडून दोन कोंबड्यांच्या बदल्यात एक तलंग घ्यायची. धा तलंगा झाल्या असत्या."

तलंग म्हणजे अंड्यावर यायला आलेली तरुण कोंबडी. दहा तलंगा. खुराड्यासाठी नाव लिहिताना तिनं मला जेवढ्या सांगितल्या होत्या तेवढ्याच.

जे पाप मी दोन वर्षं जपलं होतं त्यानं तिचं काही बिघडलं नव्हतं. मला वाटलं, म्हणजे आता ती विसरून जा म्हणेल. मी इतका नीच की तेवढ्यात मला हलकंही वाटलं.

"मले धुण्याचं समजलं नाई," ती म्हणाली. "तुमी कोंबड्यायचे मानूस. कावून धुवाले लावले?"

मी म्हणालो, फोटोत जात दिसायला पाहिजे होती.

"कोनाले दिसाले?"

मी कप उचलला.

मग तिनं मला सांगितलं, आणि उठू दिलं नाही, मी दोनदा कप खाली ठेवून उठायला लागलो तर ती म्हणाली, "ऐका न. आले तं ऐकून जा." कोंबडीनं पिल्लं गुलाबीच पाहिली होती. पहिल्या संध्याकाळपासून तिला आपली पिल्लं म्हणजे गुलाबी पिल्लं. टोपल्याखालून बाहेर आली तर समोर पिवळी, वेगळ्याच वासाची पिल्लं. तिनं ती परकी म्हणून हाणली. संध्याकाळी बाईनं कोंबडीला अंधारात बसवून पिल्लं पुन्हा तिच्या पोटाखाली घातली. कोंबडी उठून गेली. पुन्हा रंग लावून पाहावं म्हटलं तर ओली करायची भीती. सासूनं काही पिल्लं गोधडीत, पोटाशी धरली. बाकीची चुलीजवळ टोपलीत. सकाळी नऊ मेलेली. दुसऱ्या दिवशी आणखी चार. कोंबडी अंगणभर फिरून गुलाबी पिल्लं हुडकत होती. तसाच आवाज देत होती, दाणा उकरून बोलावत होती. पिवळी पिल्लं त्या आवाजाला धावत गेली की टोच खायची. उरलेली उघड्यावर राहिली. ती घारीनं नेली. घार आली तेव्हा कोंबडीनं ओरडून सांगितलंही नाही, कारण तिच्या लेखी अंगणात तिचं कुणी नव्हतं.

"चार दिस थे हुडकतच व्हती," ती म्हणाली. "मंग तिनं खाणं सोडलं. मंग पुन्हा खाऊ लागली. जनावर हाय."

हे सगळं तिनं आवाज न चढवता सांगितलं. शेवटी मी म्हणालो की मी स्वतः चांगल्या ठिकाणाहून तलंगा आणून देतो. दहा. उद्याच आणतो.

"नको."

"माझ्या समाधानासाठी घ्या."

"तुमच्या समाधानासाठी कावून घेऊ?" ती म्हणाली. "तुमच्या हातचं पाखरू मले या आंगणात नको साहेब. लस द्याची असन तं गावाले द्या. माह्या कोंबडीले मी स्वता धरून आणीन, तुमी सुई मारा अन् जा. तिले हात लावू नका."

तिनं कोंबडी आणली. तीच तांबडी, आता जरा जाड झालेली. तिनं ती कडेवर लेकरू घ्यावं तशी धरली आणि एक पंख उघडून माझ्यापुढे केला. मी सुई मारली. कोंबडी ओरडली नाही. बाईनं तिला खाली सोडलं, ओचा बांधायचं फडकं उचललं, दार ओढून कडी घातली आणि माझ्या आधी अंगणाबाहेर पडली. तिला वेचणीला उशीर झाला होता. ती वावराच्या वाटेनं कंबरेवर हात ठेवून चालत गेली, आणि मी गाडीपाशी उभा राहून ती दिसेनाशी होईपर्यंत थांबलो, कारण तिच्या शेजारून गाडी नेण्याची मला हिंमत झाली नाही.